चारशे ऐंशी मीटर

बाबांना आकडे पाठ असतात. पुण्यातल्या पहिल्या स्कूटरचा नंबर, माझं जन्माच्या वेळचं वजन ग्रॅममध्ये, साउथहॅम्प्टनला आल्यावर भाड्यानं घेतलेल्या पहिल्या फ्लॅटचा फोन नंबर. त्यामुळे मे महिन्यातल्या एका शनिवारी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून शांघायचा नकाशा काढला, तेव्हा त्यांनी चष्मासुद्धा न लावता सांगायला सुरुवात केली.

"लिही. उत्तर अक्षांश एकतीस अंश, पंधरा मिनिटं..." मग सेकंद, दशांशासकट. मग पूर्व रेखांश. "शेन शिफूंचं दार. फेरीबोटीच्या धक्क्यापासून एकशे चाळीस पावलं."

शांघायला मी निघाले होते. ब्रिस्टलला एका प्रयोगशाळेत मी विमानाच्या पंखाचे नमुने तपासते. बाहेरून न दिसणारा तडा आत किती खोल गेलाय ते मोजायचं, हे माझं काम. ऑक्टोबरात शांघायला त्याच विषयावरची परिषद होती आणि माझा पेपर निवडला गेला होता. चीनला जायची माझी पहिलीच वेळ. वीकेंडला घरी येऊन बाबांबरोबर बसून सगळं ठरवू असं मी म्हटलं होतं, कारण शांघाय म्हणजे आमच्या घरात बाबांचं; ते तिथे कामासाठी राहून आले होते आणि शेन शिफू त्यांचे तिथले शेजारी.

"ऋजू," ते म्हणाले, "मी येऊ का गं तुझ्याबरोबर?"

बाबा असं विचारत नाहीत. ते सांगतात: निघालोय, पोचलोय, उशीर होईल. स्वयंपाकघरातला नळ बंद झाल्याचा आवाज आला. आई ऐकत होती.

"बघू या," मी म्हटलं.

फ्रिजवर चुंबकाखाली मेमरी क्लिनिकचं पत्र होतं, सप्टेंबरमधल्या तारखेचं. मार्चमध्ये बाबा मला आणायला गाडी घेऊन निघाले आणि सेंट्रलऐवजी पार्कवे स्टेशनवर जाऊन तासभर थांबले. चुकीचं स्टेशन कुणाचंही होऊ शकतं. पण मी फोन केल्यावर ते म्हणाले, "तू परवा आलीस ना? मग आज कशी येतेस?" त्यानंतर आईनं जीपीला, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरांना, गाठलं. जीपी म्हणाले, घाबरू नका, पण तपासून घेऊ.

---

बाबा शांघायला होते तेव्हा मी चार वर्षांची होत होते. 2004चा नोव्हेंबर ते 2005चा जुलै. साउथहॅम्प्टनच्या बंदरासाठी कंटेनर उचलायच्या चार मोठ्या क्रेन तिकडे बनत होत्या, आणि त्यांचं वायरिंग तपासून सही करायला कंपनीनं बाबांना पाठवलं होतं. आईनं तेव्हा स्वयंपाकघरात एका घड्याळाशेजारी दुसरं लावलं. एक आपलं, एक बाबांचं. रविवारी सकाळी आपल्याकडे नऊ आणि त्यांच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले की फोन वाजायचा. एकाच क्षणी दोन वेळा असू शकतात, हे मी शाळेत जायच्या आधी शिकले. मला वाटतं, माझं विज्ञान तिथून सुरू झालं.

मार्चअखेरीस इथली घड्याळं तासभर पुढे करतात. आईनं त्या सकाळी स्टुलावर चढून दोन्ही घड्याळं पुढे केली. शांघायच्या घड्याळात पाच वाजले, फोन नाही. सव्वापाच, साडेपाच, नाही. आई फोनसमोर बसून राहिली. मी टोस्ट मागत होते आणि ती "हो, देते" म्हणत उठत नव्हती, एवढं मला खरंच आठवतं. त्या घड्याळात सहाला फोन आला. बाबा म्हणाले, "अगं, पाचच वाजलेत. चीनमध्ये कुणी घड्याळं हलवत नाही." आई इतकी हसली की तिला रडू आलं.

बाकीचं शांघाय मला ऐकून माहीत आहे. पण इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या डोळ्यांसमोरही तेच येतं. नदीच्या पूर्वेच्या काठावर कामगारांची वस्ती होती, त्यात बाबांची खोली. शेजारी शेन, फिटर लोकांचे मुख्य. सगळे त्यांना शिफू म्हणायचे. आपल्याकडे उस्ताद म्हणतात तसं. बाबा मांस खात नाहीत हे पहिल्या आठवड्यात कळल्यावर शेनबाईंनी एक कढई बाजूला काढून ठेवली आणि तिच्यावर लाल रंगानं खूण केली. घरात कुणीही त्या कढईत दुसरं काही शिजवायचं नाही. सकाळी दोघं फेरीनं पलीकडे जायचे. शेन शिफूंच्या हातात काचेची बरणी, तिच्यात चहाची पानं तरंगत असायची. दुपारपर्यंत ते तिच्यातच गरम पाणी घालून पीत राहायचे. बाबांनी एक जीपीएस यंत्र नेलं होतं, तेव्हा नवलाईचं, विटेएवढं. त्यावर ते शेन शिफूंच्या दारापासून क्रेनच्या टोकापर्यंत सगळ्याचे अक्षांश-रेखांश घेत बसायचे. शेन शिफूंना त्याची गंमत वाटायची. आपल्या घराला आकडा आहे हे त्यांना आधी माहीत नव्हतं. त्यांनी तो दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून घेतला होता.

आणि नारळ. पहिली क्रेन तयार झाली तेव्हा कारखान्यानं तिला लाल कापड बांधलं, फटाक्यांची माळ लावली. बाबांना चैन पडेना. ते कोपऱ्यावरून नारळ घेऊन आले आणि क्रेनच्या पायाशी रुळावर फोडला. इंग्रज साहेबानं विचारलं, "ही कुठली टेस्ट?" बाबा म्हणाले, "फायनल." शेन शिफूंनी सगळे तुकडे गोळा केले, पुसले आणि सत्तर कामगारांत वाटले. उरलेल्या तीन क्रेनच्या वेळी नारळ त्यांनी स्वतः आणला होता.

ऑगस्टमध्ये त्या क्रेन आल्या, उभ्याच्या उभ्या, एका जहाजावर चार. आम्ही तिघं मेफ्लॉवर पार्कच्या कठड्याशी उभे होतो. मी बाबांच्या खांद्यावर. जहाज इतकं हळू सरकत होतं की क्रेन हलतायत की ढग हलतायत ते कळत नव्हतं. "पहिली दिसते ना," बाबा म्हणाले, "ती नारळवाली." अजूनही त्या पार्कात गेलो की पलीकडे बंदरात ती दिसते. आमच्या घरात तिला दुसरं नाव नाही.

---

रविवारी मी ब्रिस्टलला परत निघाले तेव्हा आई मला स्टेशनवर सोडायला आली. गाडी थांबवून तिनं इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाली, "त्यांना न्यावंसं वाटतंय ते मला कळतंय गं. पण परक्या शहरात हरवले तर? भाषा नाही, काही नाही."

"ते तिथे आठ महिने राहिलेत, आई."

"तेच म्हणते. ते तरी नीट आठवतंय का बघ. कालचं जातंय, जाऊ दे. पण शांघायचं पक्कं असेल ना, तर ने. ते पण हललं असेल तर मी नाही पाठवणार."

मला ते पटलं. मोजता येण्यासारखा प्रश्न होता. ट्रेनमध्येच मी बाबांचे आकडे नकाशात टाकले.

खूण नदीत पडली. काठाजवळ नाही, चांगली आत, बोटी जातात तिथे.

मी आकडे परत तपासले. मग बाबांना फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी तेच आकडे सांगितले, दशांशासकट. बुधवारी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. सेकंदाचा दहावा भागही हलला नाही.

इथे मी काय विचार केला ते लिहून ठेवायला हवं. 2004 सालच्या त्या यंत्राची चूक दहा मीटरपर्यंत असू शकते, हे मी शोधून काढलं. जवळचा काठ दोनशे मीटरहून दूर होता. म्हणजे चूक यंत्राची नाही. नकाशा तर जगभर वापरला जाणारा, लाखो लोकांनी तपासलेला. उरले बाबा. आपण एखादी चुकीची गोष्टसुद्धा पक्की पाठ करू शकतो, असं मी स्वतःला समजावलं. प्रत्येक वेळी अगदी तेच उत्तर आलं तर चूक मापन पद्धतीत असण्याची शक्यता वाढते, हे मी कामावर नव्या मुलांना शिकवते. ते मला तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि मापन पद्धती म्हणजे बाबांचं डोकं, असं मी धरलं.

गुरुवारी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मी बोलते त्यांच्याशी."

ती काय बोलली मला माहीत नाही. पुढच्या वेळी मी घरी गेले तेव्हा बाबांनी माझ्यासमोर आलेखाचा कागद ठेवला. त्यावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा होता: नदी, धक्का, गल्ली, पाण्याची टाकी, शेन शिफूंचं दार. प्रत्येक अंतर पावलांत. आकडे कुठेच नव्हते.

"तू बघून ये," ते म्हणाले. "माझे गुडघे आता कुठे एवढं चालतायत."

गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना मी मुद्दाम नारळाचा विषय काढला. इतर वेळी "फायनल" हा शब्द त्यांच्याआधी कुणी म्हटलेला त्यांना चालत नाही. त्या दिवशी ते म्हणाले, "असेल. तसंच काहीतरी होतं," आणि आमटी वाढून घेतली. मग हळूच आईकडे बघून विचारलं, "चारच क्रेन होत्या ना?"



---

जूनच्या शेवटी मी ब्रिस्टलला बसून शांघायचं हॉटेल ठरवत होते. परिषदेची जागा नदीच्या पलीकडे होती, आणि चालत जाता येतं का हे मला बघायचं होतं. रस्त्यांच्या नुसत्या नकाशात फुटपाथ कळत नाहीत म्हणून उपग्रहाचा फोटो चालू केला. फोटोवर रस्त्यांच्या रेषाही दिसतात. एक मोठा पूल होता. फोटोत गाड्यांसकट स्पष्ट. आणि पुलाच्या रस्त्याची पिवळी रेघ पुलावर नव्हतीच. ती बाजूला, सरळ पाण्यावरून चालली होती.

मी दुसरा पूल बघितला. तसंच. नदीकाठच्या टीव्ही टॉवरचं नाव टॉवरपासून लांब, आग्नेयेला, भलत्याच इमारतींवर. एका स्टेडियमचं नाव शेजारच्या बागेवर. मी पाच ठिकाणी अंतर मोजलं. सरासरी चारशे ऐंशी मीटर, पाचही ठिकाणी एकाच दिशेला.

मग वाचायला सुरुवात केली. दहा मिनिटांत कळलं. चीनमधले रस्त्यांचे नकाशे मुद्दाम सरकवलेले असतात. तिथला तसा नियमच आहे. उपग्रहाचे फोटो मात्र जागच्या जागी. जीपीएसचा खरा आकडा त्या नकाशावर टाकला की तो अर्धा किलोमीटर चुकीच्या जागी पडतो. हे लाखो लोकांना माहीत आहे. मला नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

बाबांची खूण मी तशीच जपून ठेवलेली होती. फोटोत ती शोधली. खूण पाण्यात नव्हती. ती पूर्वेच्या काठावर होती, फेरीच्या धक्क्याच्या किंचित आत. बोट धक्क्याला लागलेली दिसत होती. मी धक्का ते खूण अंतर मोजलं: एकशे दोन मीटर. बाबांची पावलं लांब नाहीत. एकशे दोन भागिले एकशे चाळीस. एक पाऊल त्र्याहत्तर सेंटिमीटरचं.

साउथहॅम्प्टनची पुढची गाडी अकरा वाजता होती. गाडीत दोन तास मी हातात लॅपटॉप धरून बसले होते, बॅगेत ठेवायचं सुचलं नाही.

---

बाबा मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. आई कपडे वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आधी नकाशा, मग नियम, मग पाच जागा. बाबांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"कुठल्या दिशेला?"

"आग्नेयेला. चारशे ऐंशी."

"हं." त्यांनी दोरीची गाठ पुरी केली, हात पुसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. बराच वेळ बघत राहिले. वस्ती गेली होती. त्या जागी नदीकाठची लांबलचक बाग, चालायला लाल पट्टा, झाडांच्या रांगा. पाण्याची टाकी नाही, गल्ली नाही.

"घर नसणारच," ते म्हणाले. "धक्का आहे ना. बस." मग स्क्रीनला हात न लावता बोटानं दाखवलं, "हा बघ. इथे रेलिंग होतं. शेन शिफू बरणी इथे ठेवायचे. एकदा पाण्यात पडली. फेरीबोटीवरच्या माणसानं जाळी टाकून काढून दिली."

ही गोष्ट मी कधीच ऐकलेली नव्हती.

"म्हणजे," ते म्हणाले, "तू मला तपासत होतीस."

आईनं हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला.

"हो," मी म्हटलं.

"आणि नापास केलंस."

"हो, बाबा."

"यंत्र तपासायला घेतलं की आधी काय करतात?"

"कॅलिब्रेशन."

"म्हणजे?"

"ओळखीच्या जागेवर लावून बघायचं."

"मग टॉवर लावून बघायचास! अख्ख्या जगाला माहीत असलेला टॉवर आहे तो! दोन मिनिटांचं काम." आता त्यांचा आवाज चढला होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी हसले असते. "एवढं शिकलीस, पगार घेतेस त्याचा, आणि साधं—" ते थांबले. टोमॅटोकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तेही गेलं. तीन आठवडे मी रोज आंघोळीच्या वेळी ते आकडे म्हणून बघत होतो. तेच यायचे. म्हटलं, आता चुकीचेच पाठ झालेत."

आई जवळ आली.

"अहो, तिचं नाही, माझंच चुकलं," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं तिला, बघ म्हणून."

"तुझं काय नवीन आहे? तू तर दोन्ही घड्याळं पुढे करणारी."

"अजून काढा ते. वीस वर्षं झाली." पण ती हसत होती. मग ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून तिनं मला विचारलं, "परिषद किती दिवस?"

"तीन."

"तू तीन दिवस सभागृहात. मग दिवसभर ह्यांच्याबरोबर कोण?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या कुठल्याच आकडेमोडीत आला नव्हता.

"मी येणार," आई म्हणाली. "आठ महिने ते घड्याळ बघत मी स्वयंपाक केलाय. एकदा तिथले पाच वाजलेले बघू दे की मला पण."

---

व्हिसाचे अर्ज आम्ही जुलैत भरले, जेवणाच्या त्याच टेबलावर. मी टाइप करत होते. आईचा सोपा होता. याआधी चीनला गेला होतात का: नाही. बाबांच्या अर्जात त्या रकान्यात जागा अपुरी पडली. कधी उतरलात, कधी निघालात, कुठे राहिलात. ते खुर्चीत मागे रेलून सांगत गेले, मी मागे पडत होते. शेन शिफूंचा पत्ता चिनी उच्चारात, गल्लीच्या नंबरासकट. शेवटचं कार्ड त्यांच्याकडून 2011च्या चिनी नववर्षाला आलं होतं. असले तर आता ब्याऐंशीचे असतील, बाबा म्हणाले. बागेत बाकं असतात; म्हातारी माणसं सकाळी तिथेच येऊन बसतात.

"तिकडे नारळ मिळतो का हो अजून?" आईनं विचारलं.

"हैनान बेटावरचा मिळतो. धक्क्यासमोर, कोपऱ्यावर."

"फोडणार कशावर? रूळ असतील का आता?"

"बघू. काहीतरी असेलच."

मी अर्जांचे प्रिंट काढून आणले. बाबांनी चष्मा लावला, त्यांच्या त्या सरळ इंजिनियरी अक्षरात सही केली आणि पेन खालच्या रकान्यावर थांबवलं. थोडा वेळ ते तसंच राहिलं. मग त्यांनी खिडकीकडे बघितलं, जणू बाहेर कुठे लिहिलेलं असेल.

"आज तारीख काय?"

आई स्वतःची सही करत होती. तिनं मान वर केली नाही. "बारा जुलै," ती म्हणाली. "पंचवीस."

"बारा, सात, पंचवीस," बाबांनी म्हटलं आणि लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला, तपासायला.

मी तो न बघता पाकिटात घातला.